धूर-कर, सर्वानुमते

आमच्या इमारतीत कोणत्याही गोष्टीला विरोध होत नाही. हे मी अभिमानाने सांगतो, कारण मी या इमारतीचा सेक्रेटरी आहे आणि विरोध झाला की तो सेक्रेटरीला लिहून काढावा लागतो. ठराव मांडायचा, सगळ्यांनी माना डोलवायच्या, मग चहा यायचा. चहा ठरावानंतरच, ही आमची जुनी पद्धत. ती ज्याने घालून दिली तो माणूस फार पोचलेला असला पाहिजे. चहा आधी दिला असता तर लोक विचार करत बसले असते.

या पद्धतीच्या भरवशावर मी जन्मात एकदाच एक समाजकार्य हाती घेतलं. झालं असं, की आमच्या तळमजल्यावर गाण्याच्या बाई राहतात. एकट्याच असतात आणि गाण्याच्या शिकवणीवरच त्यांचं घर चालतं. लाईट गेली की इमारतीचा जनरेटर सुरू होतो आणि त्याच्या धुराची नळी बरोब्बर बाईंच्या खिडकीखाली उघडते. नळी तिथेच का, असं विचारलं तर उत्तर एवढंच, की बाकीच्या खिडक्यांखाली ती नको असं बाकीच्यांनी वेळीच सांगितलं होतं. बाई त्या दिवशी शिकवणीत होत्या.

एका सकाळी बाई माझ्याकडे आल्या. पूर्वी त्यांनी जिन्यात नुसतं "कोण आहे?" म्हटलं तरी वरपर्यंत गोड वाटायचं. आता आवाजाला खरखर आली होती.

"सेक्रेटरी, ती नळी गच्चीपर्यंत वर नेता येईल का हो?" त्या म्हणाल्या. "काल एका मुलीची आई मला म्हणाली, 'आम्ही हिला गाणं शिकायला पाठवलं होतं, खोकायला नाही.' घेऊन गेली मुलीला. आधीच्याही बऱ्याच गेल्या. असंच चाललं तर शिकवणी बंद करावी लागेल मला. आणि शिकवणी बंद झाली तर खाऊ काय?"

"बाई, तुम्ही आता निर्धास्त राहा," मी म्हणालो. हे वाक्य मी इतक्या जणांना इतक्या वेळा म्हटलेलं आहे, की ते तोंडातून निघताना माझी काही गरज लागत नाही. पण या वेळी मला खरोखरच वाईट वाटलं. शिवाय माझी बायकोही दुपारची बाईंकडे शिकायला जाते. ती घरी रियाजाला बसली की मी सोसायटीच्या कामाला बाहेर पडतो. आज सोसायटीची जी काही भरभराट दिसते ती बरीचशी तिच्या रियाजामुळे आहे.

नळी वर न्यायची तर पैसे हवेत. वर्गणी काढावी, तर वर्गणी म्हटलं की आमच्याकडची माणसं घरात टीव्ही चालू ठेवून बाहेरगावी जातात. म्हणून मी डोकं चालवलं. तेव्हा पेपरात रोज येत होतं, की धूर करणाऱ्यांवर कर बसवावा आणि जनतेचा त्याला पाठिंबा आहे. जनता म्हणजे आपणच की! मग आपल्या इमारतीचा आपला एक छोटासा धूर-कर का नसावा? जो धूर करील तो भरील, त्या पैशातून नळी वर जाईल आणि बाई गातील. ही कल्पना सुचली तेव्हा मी दाढी करत होतो. आरशात मला एक वेगळाच माणूस दिसला.

मी दारोदार पाठिंबा विचारत हिंडलो. सुरुवात केली ती सगळ्यात वरच्या मजल्यावरून, कारण तिथे आमचे चेअरमन राहतात. ते बांधकाम कंत्राटदार. दोन मोटारी आणि एक टेम्पो बाळगून आहेत.

"कर? लागलाच पाहिजे!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "खालच्या त्या काकांची गाडी बघितलीत का? सकाळी सुरू करतात तेव्हा माझ्या गॅलरीतून समोरचा रस्ता दिसत नाही. अशा लोकांना धडा शिकवा."

ते काका म्हणजे पहिल्या मजल्यावरचे पेन्शनर. त्यांनी तर माझा हात हातात घेतला. "शाब्बास! कुणीतरी बोललं एकदाचं. त्या कंत्राटदाराचा टेम्पो काळाकुट्ट धूर सोडतो हो. लावा कर, चांगला सणसणीत लावा. मी तुमच्या पाठीशी आहे."

दुसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर असतात. ते म्हणाले, "नुसता पाठिंबा नाही, जाहीर पाठिंबा! माझं तर मत आहे की जुन्या स्कूटरवाल्यांना दुप्पट लावावा. ती माणसं शहराला गुदमरून मारतायत." इमारतीत जुनी स्कूटर एकच आहे. ती माझी. पण मोठ्या कार्यात असे बारीक टोमणे मनावर घ्यायचे नसतात, म्हणून मी तो टोमणा फक्त लक्षात ठेवला.

छाती फुगवून घरी आलो. बायको भाजी निवडत होती.

"अहो, सगळे हो म्हणाले?"

"सगळे. एकूण एक."

"मग काहीतरी चुकतंय," ती म्हणाली आणि पुन्हा भाजीत डोकं घातलं.

बायकांना माणसातला चांगुलपणा पटकन दिसत नाही, असं मी तिला सांगितलं. त्यावर ती काही बोलली नाही. ती बोलली नाही की मला झोप लागत नाही, पण ते असो.

सभा नेहमीप्रमाणे गाड्या लावायच्या जागेत, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर भरली. बाई आल्या नाहीत. त्यांची उरलेल्या मुलींची शिकवणी होती. "तुम्ही आहात ना, मग मी कशाला?" त्या मला म्हणाल्या होत्या. मी छोटंसं भाषण केलं. हवा, पुढची पिढी, फुप्फुसं, सगळं त्यात घेतलं. फुप्फुसांपाशी माझा स्वतःचाच आवाज कापला. टाळ्या पडल्या. ठराव पटकन होणार अशी लक्षणं होती, कारण वॉचमन किटली घेऊन कोपऱ्यात येऊन उभाही राहिला होता.

तेवढ्यात दातांचे डॉक्टर उठले. "तत्त्वाला माझा पाठिंबा आहेच," ते म्हणाले. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, पण आता चांगलं ठाऊक आहे, की ज्याला पैसे द्यायचे नसतात तो आधी तत्त्वाला पाठिंबा देतो. "फक्त एक किरकोळ दुरुस्ती. वैद्यकीय सेवा ही अत्यावश्यक सेवा आहे. डॉक्टरच्या गाडीला यातून वगळावं."

"पण तुमचा दवाखाना पलीकडच्याच गल्लीत आहे," मी म्हणालो. "तुम्ही चालत जाऊ शकता."

"दाढ काय गल्ली बघून दुखते? पेशंट कळवळतोय आणि मी चालत येतोय, हे माणुसकीला धरून आहे का?"

माणुसकीचं नाव निघाल्यावर सभा गंभीर झाली. मला वाटलं कंत्राटदार आता हरकत घेणार. पण ते चक्क म्हणाले, "डॉक्टरांचं बरोबर आहे. वगळा." मी थक्क झालो. थोड्याच वेळात कळलं, की आमच्याकडे दुसऱ्याच्या सवलतीला कुणी हरकत घेत नाही, कारण पुढचा नंबर आपला असतो.

मग पेन्शनर काका उठले. "मी गाडी चालवतो का? नाही. माझी नजर अधू आहे, मी चालवत नाही. मी फक्त बॅटरी उतरू नये म्हणून रोज सुरू करतो. जी गाडी जागची हलत नाही तिच्यावर वाहनाचा कर कसा बसेल? मग उद्या माझ्या आरामखुर्चीवरही बसवा!"

सर्वानुमते काकांची गाडी आरामखुर्चीत जमा झाली.

कंत्राटदारांनी "पोटापाण्याची साधनं" असा शब्द काढला. त्यात टेम्पो गेला. दोन्ही मोटारीही गेल्या, कारण टेम्पोवर लक्ष ठेवायला एक मोटार लागते आणि लक्ष ठेवणारी मोटार बिघडली तर दुसरी लागते. मी म्हणालो, निदान जनरेटरवर तरी काहीतरी बसवा, मूळ भांडण त्याचंच आहे. तर कंत्राटदार हसले. "जनरेटर कुणाचा? सगळ्यांचा. सगळ्यांचा म्हणजे कुणा एकाचा नाही. मग भरणार कोण?" हे बोलणं इतकं ठाम होतं, की त्यात चूक कुठे आहे ते मला घरी गेल्यावर सापडलं.

इतक्यात डॉक्टरांनी माझ्या स्कूटरकडे बोट दाखवलं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मी भरणारच होतो. शप्पथ सांगतो, शब्द अगदी ओठांवर होता. आदर्श घालून द्यायचा तर सेक्रेटरीनेच द्यायचा, एवढं मलाही कळतं. पण मी तोंड उघडेपर्यंत काका म्हणाले, "सेक्रेटरी ती सोसायटीच्या कामाला वापरतात." आता हे खोटं नव्हतं. जिन्यातला दिवा गेला होता तेव्हा बल्ब आणायला मी स्कूटरवरच गेलो होतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. लोकांची एकमुखी इच्छा मोडून स्वतःचा मोठेपणा मिरवणं माझ्या स्वभावात नाही. मी गप्प बसलो.

आता घोडं अडलं. कर मंजूर झाला होता, पण भरायला माणूस उरला नव्हता. चहा निवत होता. वॉचमन एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होता.

"बाहेरून येणाऱ्या गाड्या?" कंत्राटदार म्हणाले. "त्या फाटकापाशी थांबतात. इंजिन चालूच असतं. त्या ज्यांच्याकडे येतात त्यांनी भरावा."

"पाहुणे सोडून," डॉक्टर घाईने म्हणाले.

"पाहुणे सोडून, पेशंट सोडून, माझी माणसं सोडून," कंत्राटदारांनी पुरं केलं.

मग बाहेरून गाड्या कुणाकडे येतात? बाईंकडे. मुलींना सोडायला त्यांच्या आया स्कूटरवरून येतात. हे कुणीही मोठ्याने बोललं नाही. आमची माणसं तशी सुसंस्कृत आहेत. सगळ्यांनी नुसत्या माना डोलावल्या आणि चहा आला.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती गुणगुणत होती ती थांबली.

"म्हणजे जिच्या नाकातोंडात धूर जातो, तिनेच धुराचा कर भरायचा?"

"तसं नाही गं. तू तत्त्व समजून घे."

"मला समजलं. स्कूटर वाचली का आपली?"

मी ताटावर बसलो आणि आमटी आज छान झाली आहे असं म्हणालो. आमटी केलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेलो. पाय उचलत नव्हते, पण पद पद असतं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पण माझ्याकडे गाडीच नाही हो."

"गाड्या येतात, बाई."

"त्या येतात, मुलगी उतरते आणि जातात."

"तेवढ्यात जो धूर होतो, त्याचा आहे हा."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझी भांडणाची तयारी होती, जिन्यात दोन मुद्दे काढून ठेवले होते. पण त्या आत गेल्या, पैसे आणून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "नळी तेवढी लवकर वर न्या. आता थोड्याच मुली उरल्यात." मी पावती दिली. पावतीवर स्वतःच्या हाताने 'आभारी आहोत' असं लिहिलं. तेवढं तरी मला करता आलं.

त्या पैशात नळी वर जाण्यासारखी नव्हती. वेल्डरने पैसे बघितले, नळी बघितली, आणि म्हणाला, "साहेब, एवढ्यात नळी वर नाही जायची. एक कोपरा बसवून देतो. वळेल नुसती."

"कुठे वळेल?"

"तुम्ही सांगाल तिकडे."

डावीकडे वळवली तर डॉक्टरांच्या गाडीवर काजळी, उजवीकडे वळवली तर काकांच्या जिन्यात धूर. दोघांचाही तत्त्वाला पाठिंबा होता. नळी होती तशीच राहिली.

मग मी मदतीसाठी पालिकेच्या पर्यावरण विभागात गेलो. या विभागाच्या खिडक्या बंद असतात, कारण बाहेर धूर फार आहे. तिथल्या कारकुनाने मला बांधकाम विभागात पाठवलं. बांधकामवाल्याने परत पर्यावरणात पाठवलं. शेवटी कारकून कळवळला आणि त्याने समजावून सांगितलं, "असं बघा, नळी ही बांधकामात येते आणि धूर आमच्यात. नळीच्या आत आहे तोवर आम्हाला हात लावता येत नाही."

"आणि नळीचं तोंड?"

"तोंडाचं वर विचारावं लागेल."

वर म्हणजे साहेबांच्या खोलीत. साहेब फाइलवर सह्या करत होते. मी नळी म्हटलं, त्यांनी मान वर केली नाही. बाई म्हटलं, खोकला म्हटलं, सह्या चालूच. मग मी म्हणालो, "आमच्या इमारतीने धूर-कर लावलाय, पण..." आणि साहेबांचं पेन थांबलं.

"कर? तुमचा तुम्ही लावलात? लोकांचा पाठिंबा आहे?"

"सर्वानुमते."

"आणि वसुली?"

"शंभर टक्के," मी म्हणालो. यात एक अक्षर खोटं नव्हतं. ज्यांना लागू होता त्या सगळ्यांनी भरला होता.

साहेब खुर्चीतून उठून माझ्यापाशी आले. "अहो, आम्ही गावभर विचारत फिरतोय. पाठिंबा आहे का म्हटलं तर सगळे हो म्हणतात. भरता का म्हटलं की दार लावून घेतात. आणि तुम्ही शंभर टक्के म्हणताय! तुमचा जाहीर सत्कार झाला पाहिजे. मी स्वतः येतो." मला खुर्ची दिली, पाणी दिलं. सरकारी कचेरीत मला इतका मान आजवर मिळाला नव्हता. नळीची आठवण मला जिना उतरल्यावर झाली, पण तेव्हा परत वर जाणं बरं दिसलं नसतं.

सत्कार म्हटल्यावर इमारतीत नवं चैतन्य आलं. बाईंच्या पैशातून एक झकास पाटी रंगवून घेतली. हिरव्या अक्षरांत 'स्वच्छ हवेची इमारत', खाली बारीक अक्षरांत कमिटीची नावं. पाटी रस्त्यावरून दिसली पाहिजे. कुंपणाच्या भिंतीवर कंत्राटदारांची जाहिरात, वर डॉक्टरांच्या दाताचं चित्र. रस्त्याकडची मोकळी जागा एकच होती, बाईंच्या खिडकीची जाळी. तिथे पाटी बांधली. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "सेक्रेटरी, आता दिवसा दिवा लावावा लागतोय हो." मी म्हणालो, कार्यक्रमापुरती आहे. खरा घोटाळा पुढे कळला. आधी निम्मा धूर खिडकीवरून वर निघून जायचा, तो आता पाटीला थटून आत वळायला लागला. वेल्डर जो कोपरा पैसे घेऊन बसवणार होता तो आम्हाला असा फुकटात मिळाला.

मी कंत्राटदारांना सांगितलं की पाटी काढू या. ते म्हणाले, "साहेब येऊन जाऊ देत." बायको माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली होती. पुढे तेही कमी झालं.

सत्काराच्या दिवशी साहेब आले, मागे फोटोग्राफर आला. साहेब माईकसमोर उभे राहिले, "मित्रहो" म्हणाले आणि लाईट गेली. माईक मेला. कंत्राटदारांनी खूण केली, वॉचमन धावला आणि जनरेटर धडधडत सुरू झाला. सगळं आवार निळसर धुराने भरलं. साहेब रुमाल नाकाला लावून स्वच्छ हवेवर बोलले. पुढच्या ओळीतले लोक डोळे पुसत होते. फोटोग्राफरला वाटलं भाषणाचा परिणाम, त्याने त्यांचे फोटो काढले.

"ही इमारत म्हणजे शहरापुढचा आदर्श आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही दिलेल्या सवलतींसकट हा कर आम्ही सगळीकडे लागू करायच्या विचारात आहोत." यावर फार मोठ्या टाळ्या झाल्या. "आता मला कर भरणाऱ्यांना भेटायचंय. सगळ्यांनी पुढे या."

कुणी हललं नाही. कंत्राटदार डॉक्टरांकडे बघायला लागले, डॉक्टर काकांकडे, काका जमिनीकडे. मग माझ्या बायकोने बाईंना हाताला धरून पुढे आणलं. बाई वाळल्या होत्या. साहेबांनी त्यांना पुष्पगुच्छ दिला आणि माईक पुढे केला.

"बाई, तुमचा या कराला पाठिंबा आहे ना? सांगा सगळ्यांना."

बाईंनी माईक हातात घेतला. तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला, तर नुसती हवा बाहेर पडली. एकेकाळी याच गळ्यातून निघालेला सूर ऐकायला माणसं फाटकापाशी थांबत असत, हे त्या गर्दीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मी अगदी शेजारी उभा होतो. मग माईक खाली करून त्या काय कुजबुजल्या ते फक्त मला आणि माझ्या बायकोला ऐकू आलं.

"शेवटची मुलगीही काल गेली. शिकवणी बंद झाली. आता कर कुणावर बसवणार, ते विचारा यांना."

"काय म्हणाल्या?" साहेबांनी मला विचारलं आणि बाईंच्या हातातला माईक काढून माझ्या हातात दिला.

सगळी इमारत माझ्याकडे बघत होती. कंत्राटदारांनी डोळे बारीक केले होते. मला लाज वाटत होती. तीन वाक्यं होती, जशीच्या तशी सांगायची होती. तेवढ्यासाठी गळाही लागत नाही.

"बाई म्हणतात," मी माईकमध्ये सांगितलं, "माझा पूर्ण पाठिंबा आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकोने बाईंच्या खांद्यावर हात टाकला आणि माझ्याकडे न बघता त्यांना घरात घेऊन गेली.